एकोणनव्वद काका आणि माझे पाच मार्क

आमच्या समोरच्या काकांच्या मते जगात आजवर एकच साल झालं, ते म्हणजे एकोणनव्वद. त्याआधी जे घडलं ती त्याची पूर्वतयारी आणि नंतर जे चाललंय ती नुसती उजळणी. शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलमध्ये मराठी माणसं पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाला काही ना काही वेड आहेच. कोणी मॅरेथॉन पळतं, कोणी बेसमेंटमध्ये तबला बडवतं. पण बिऱ्हाड उचलून एका सालात राहायला गेलेला माणूस मी हा एकच पाहिला. इथल्या मराठी शाळेतल्या पोरांना एकोणतीस आणि एकोणचाळीस यांतला फरक कळत नाही, "थर्टी नाइन" म्हटल्याशिवाय त्यांचं गाडं पुढे सरकत नाही. पण एकोणनव्वद म्हणजे किती, हे त्यांच्यातलं सगळ्यात लहान पोरही सांगतं. कारण काकांचं नावच 'एकोणनव्वद काका' पडलंय.

हे सगळं मी प्रेमाने लिहिते आहे. तरी आधीच सांगून ठेवते की या माणसाने माझे पाच मार्क खाल्ले आहेत.

मी घरं विकते. या देशात आले तेव्हा मॉलमध्ये काउंटरवर उभं राहून प्रेट्झेल विकायचे. तिथून लायसन्सची परीक्षा, मग दुसऱ्याच्या ऑफिसात हमाली, मग स्वतःची पाटी. यातलं मला कोणी ताटात वाढून दिलेलं नाही, एकेक गोष्ट घासाघीस करून मिळवली आहे. घासाघिशीत मी सहसा हरत नाही, आणि हरले तर विसरत नाही. मी सौदे करते म्हणून काका मला 'सौदामिनी' म्हणतात. विजेलाही सौदामिनीच म्हणतात, तेव्हा माझ्या स्वभावाचीही त्यात सोय झाली.

तर पाच मार्क. अकरा वर्षांपूर्वी आमच्या मंडळाच्या गणपतीत क्विझ होती आणि क्विझमास्तर अर्थातच काका होते. पहिलं बक्षीस पाच लिटरचा चकचकीत प्रेशर कुकर. शेवटचा प्रश्न आला, "दक्षिण आफ्रिकेतला तो मोठा नेता सत्तावीस वर्षांनी तुरुंगातून सुटला, ते साल कोणतं?" माझी आणि युनिव्हर्सिटीतल्या पोरांच्या टीमची बरोबरी झालेली. मी बझर जवळजवळ फोडला.

"नव्वद!"

"चूक," काका शांतपणे म्हणाले. "एकोणनव्वद."

"काका, मी फोनवर दाखवते ना!"

"फोनवरच विश्वास ठेवायचा, तर क्विझमास्तर कशाला नेमलाय? बस खाली."

कुकर गेला त्या पोरांकडे. त्यांच्या अपार्टमेंटमध्ये नूडल्सखेरीज काही शिजत नव्हतं. मी त्या वर्षी आरतीलासुद्धा काकांच्या शेजारी उभी राहिले नाही. नंतर मात्र अकरा वर्षं भाव करत राहिले. दिवाळीला चकली द्यायला गेले की म्हणायचं, "काका, पाच नको, चार द्या." ते म्हणायचे, "चकली छान झालीये." संक्रांतीला मी साडेतीनवर यायचे. ते म्हणायचे, "सौदामिनी, इतिहासात घासाघीस नसते." बारा हजार स्क्वेअर फुटांच्या बंगल्यांचे मालक माझ्यापुढे दुसऱ्या फोनला वाकले आहेत, आणि हे गृहस्थ चकली खाऊन मोकळे!

विशेष म्हणजे त्या सालाबद्दल त्यांचं बाकी काहीच चुकायचं नाही. एकोणनव्वदच्या ऑगस्टमध्ये ते शिकायला शिकागोला उतरले, त्याच महिन्यात एक यान नेपच्यूनपाशी पोचलं. "ते अब्जावधी मैल गेलं, पण त्याचं सामान हरवलं नाही," काका म्हणतात. "मी सांगलीहून निघालो आणि माझी बॅग फ्रँकफर्टला राहिली." त्या बॅगेत मेतकूट होतं. नोव्हेंबरात बर्लिनची भिंत पडली तेव्हा त्या जर्मन लोकांना आपलं मेतकूट सापडलं असणार, अशी त्यांची पक्की खात्री आहे.

त्याच ऑगस्टमध्ये बाल्टिक समुद्राकाठच्या तीन देशांतल्या लोकांनी हातात हात धरून शेकडो मैलांची साखळी केली होती. ही गोष्ट काकांच्या मनात इतकी बसली की मंडळाचं प्रसादाचं काम त्यांच्याकडे आलं तेव्हा त्यांनी दोनशे माणसांना हात धरून रांगेत उभं केलं. दृश्य फारच सुंदर दिसलं. फक्त दोन्ही हात गुंतल्यावर शिऱ्याची वाटी धरायची कशात, याचा विचार बाल्टिक लोकांना करावा लागला नव्हता. रांग अर्धा तास तशीच भारावून उभी होती, आणि मग माझ्या मुलीने "मॉम, धिस इज इन्सेन" म्हणून साखळी तोडली.

प्रागमध्ये लोकांनी चौकात जमून किल्ल्या वाजवल्या आणि सरकार घालवलं, तेही त्याच साली. मंडळाच्या वार्षिक सभेत अध्यक्षांचं भाषण लांबलं तेव्हा काका शेवटच्या रांगेत उठून उभे राहिले आणि गाडीच्या किल्ल्या डोक्यावर धरून खुळखुळवू लागले. क्रांती तर झाली नाही. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ मात्र ओशाळून बाहेर गेले, आणि काकांच्या गाडीमागे लावलेली आपली गाडी काढून परत आले.

यावर कळस म्हणजे स्नोप्लाऊ. रस्त्यावरचा बर्फ लोटणारी ती गाडी जाता जाता प्रत्येकाच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी बर्फाचा बांध घालून जाते. काकांनी दोन तास फावडं मारून ड्राइव्हवे साफ केला होता. ते इंडियन ग्रोसरीतून परत येतात तो हा राक्षस वळणावर. काका दोन्ही हातांत पिशव्या घेऊन रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. एकीत कणीक, दुसरीत कोथिंबीर. मी खिडकीतून पाहत होते. बीजिंगच्या त्या रणगाड्यांपुढे पिशव्या घेऊन उभ्या राहिलेल्या एकट्या माणसाची गोष्ट त्यांच्याकडून इतकी वेळा ऐकली होती की आता काय होणार, ते मला ठाऊक होतं. ड्रायव्हरने काच खाली केली, काहीतरी विचारलं, आणि काका त्याच्या शेजारी चढून बसले. घरासमोर उतरले तेव्हा आमच्या रस्त्यावरच्या एकाही ड्राइव्हवेपुढे बांध नव्हता. ड्रायव्हर त्यानंतर दोन हिवाळे काकूंच्या हातचे बेसनाचे लाडू नेत असे.

मी एकदा चिडून विचारलं होतं, "काका, नव्वदमध्ये काहीच झालं नाही का हो जगात?"

"नव्वद?" ते म्हणाले. "नव्वद मला आठवत नाही."

तेव्हा मला वाटलं, माझा प्रश्न चुकवायची ही आणखी एक युक्ती.

यंदा वसंतात काकूंच्या गुडघ्यांनी जिना चढायला साफ नकार दिला. दूर कॅरी गावात राहणाऱ्या त्यांच्या मुलीला दुसरं बाळ झालं होतं, तिकडे बिनजिन्याचं घर होतं. घर विकायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. गॅरेज सोडून सगळं ठीक होतं. गॅरेजचा कोड एक-नऊ-आठ-नऊ, तो साऱ्या गल्लीला पाठ, आणि आत चौदा खोकी. शनिवारी लोक घर पाहायला यायचे होते. मुलगी स्पीकरवर होती.

"बाबा, वन बॉक्स. ओके? मी सीरियस आहे. वन."

"चार," काका म्हणाले.

"वन, बाबा."

"तीन. आणि पिंपातली वर्तमानपत्रं."

मी मध्ये पडले. "काका, एकच. आणि भाव माझ्याशी करायचा नाही. माझे पाच मार्क अजून तसेच आहेत."

दुपारी आम्ही दोघं खोकी उपसत बसलो. बेसबॉलची तिकिटं, जुनी मासिकं, भिंतीचा म्हणून कोणीतरी विकलेला सिमेंटचा तुकडा. सगळ्यांत खाली बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता आणि त्यात निळी एअर लेटर्स, तारखेप्रमाणे लावलेली.

"बाबांची," काका म्हणाले. "वाचनालयात ग्रंथपाल होते. गावात सगळ्यांच्या आधी पेपर त्यांच्या हातात पडायचा. वाच, काही खाजगी नाही."

खरंच नव्हतं. प्रत्येक पत्रात वरती 'चि. यास आशीर्वाद' आणि खाली जगाच्या बातम्या. नेपच्यूनला वादळं दिसली. पोलंडमध्ये सरकार बदललं. सॅन फ्रान्सिस्कोला भूकंप झाला, तुझ्या गावाहून ते किती लांब, कळव. आठवण येते, तब्येत बरी नाही, जेवतोस का, यातलं एक अक्षर नाही. भिंत पडल्याचं मात्र दोन पानं भरून होतं, आणि शेवटी, 'लोक अनोळखी लोकांच्या गळ्यात पडून रडले म्हणतात.'

शेवटचं पत्र मी उघडलं. त्यात आफ्रिकेतला तो नेता सुटल्याची बातमी होती. वर, सुरेख वळणदार अक्षरात, 'फेब्रुवारी १९८९.'

सौदे करणाऱ्या माणसाची नजर आधी तारखेवर जाते. एकोणनव्वदच्या फेब्रुवारीत काका अजून सांगलीतच होते. त्यांना अमेरिकेच्या पत्त्यावर पत्र कोण लिहिणार? वर्ष बदललं तरी म्हाताऱ्यांच्या हाताला सवय जुन्याच सालाची, दोन-दोन महिने तेच लिहितात. माझे वडीलही लिहायचे. अकरा वर्षांनी पुरावा माझ्या हातात होता, तोही निळ्या कागदावर, आणि फोनची गरजच नव्हती.

मी तोंड उघडलं. काका माझ्याकडेच बघत होते.

"कळलं ना तुला?" ते म्हणाले. "मलाही माहीत आहे. पहिल्यापासून माहीत आहे. इंजिनिअर आहे मी."

"मग त्या दिवशी..."

"हे पत्र हातात पडलं तेव्हा बाबांना जाऊन चार दिवस झाले होते. मला जाता आलं नाही. त्यांनी शेवटचं जे लिहिलं, ते एकोणनव्वदच लिहिलं. आता दोनशे माणसांसमोर, माइकवरून, त्यांना चूक म्हणू?"

शेजारच्या अंगणात कोणीतरी गवत कापायचं मशीन सुरू केलं होतं. काकांनी पत्र माझ्या हातातून घेतलं, घडीवर घडी घालून डब्यात ठेवलं.

"घे तुझे पाच मार्क," ते म्हणाले. "आता कोणी नाहीये. देतो."

आयुष्यात पहिल्यांदा समोरच्याने पूर्ण भाव कबूल केला होता, आणि माझ्या तोंडून निघालं, "पाच नकोत. अडीच द्या. अडीच त्यांच्याकडे राहू देत."

काका हसले. मग म्हणाले, "डन."

एका खोक्यात फक्त तो डबा गेला. बाकी जागेत काकूंनी आपला कुकर भरला.

इंग्रजीत एटी-नाइन म्हटलं की ऐंशीवर नऊ, म्हणजे भरच. मराठीत मात्र एकोणनव्वद म्हणजे नव्वदाला एक कमी. इतकी वर्षं हा आकडा मी ऐकला, त्यावरून भांडले, पण त्यातला तो कमी असलेला एक कोण, हे मला त्या गॅरेजमध्ये बसून कळलं. समोरच्या घरात आता एक गोड जोडपं राहतं. कोड त्यांनी पहिल्याच दिवशी बदलला. बदला, असं मीच सांगितलं होतं, नियमच आहे तसा. तरी त्या दिवशी मी गाडी काढताना तिकडे बघितलं नाही.

परवा कॅरीहून फोन आला. तिकडच्या मंडळाने महिन्याभरात काकांना क्विझमास्तर केलंय.

"सौदामिनी, तोच प्रश्न घातला मी. एक मुलगी उठून म्हणाली, नव्वद."

"मग? दिले मार्क?"

"अडीच."

त्या मुलीने तिकडे किती आरडाओरडा केला असेल, ते मला इथे ऐकू आलं. पूर्ण पाच द्यायला हवे होते, असं काही मी म्हणाले नाही. भाव ठरलेला होता.