जोडीचं पान

शिवलेलं पुस्तक हातात आलं की चाचा आधी एकच गोष्ट करत. तळहात लुंगीला पुसत, पुस्तक मधेच कुठेतरी उघडत आणि एक पान दोन बोटांत धरून हलकेच ओढत. मग दुसऱ्या हातानं पलीकडचं हललेलं पान दाखवत. "देखा मास्तर. आठे ओढं, तठे हालनं."

तुम्हीही एखादी जुनी शिवलेली वही घेऊन करून पाहा. चार कागद एकात एक घालून मधोमध दुमडले की आठ पानांचा एक जुज होतो. त्यातलं पहिलं आणि आठवं पान म्हणजे एकाच कागदाचे दोन भाग, मधे फक्त दोरा. एक फाडलं तर दुसरं आज नाही, पण कधीतरी सुटतंच. "म्हणीसन पान फाडानं नही," ते म्हणत. "जोडीदारनं काय पाप करं?"

नंदुरबारात त्यांचं बुकबांधणीचं दुकान होतं. सगळं गाव त्यांना चाचा म्हणे, मीही. मी मराठी चौथीत शाळा सोडलेला, कोकणातून पोटासाठी इतक्या लांब आलेला, कचेरीत शिपाई. फाटकी रजिस्टरं चाचांकडे नेणं आणि बांधून आणणं हे माझं काम. मला तेव्हा सगळ्याचीच भीती वाटायची. साहेबांच्या खोकल्याची, घरून येणाऱ्या पत्राची, न येणाऱ्या पत्राची. मी कोकणातला म्हटलं की लोक विचारत, "कोणता पाडा?" तिकडे कोकणी म्हणजे नवापूरकडच्या डोंगरातली माणसं. समुद्राचं सांगायला लागलो की हसत.

चाचा हसले नाहीत. मला हिवताप आला तेव्हा ते आठ दिवस पातळ खिचडी घेऊन येत होते. नवव्या दिवशी डब्यात मासे होते. "समुद्रना नही, तापीना मासा शेत," म्हणाले. "चालवी ल्या." मी खाता खाता रडलो. त्यांनी भिंतीकडे पाहत भिंतीच्या चुन्याची चौकशी केली.

एका उन्हाळ्यात त्यांनी फळीवरून लाल खारव्याच्या कापडात बांधलेला एक जाड ग्रंथ काढून माझ्यापुढे ठेवला. कोपरे कातड्याचे, कण्यावर सोनेरी रेघ. उघडला, तर आत सगळा कोरा.

"मन्ही कादंबरी," ते म्हणाले. "बाहीरनं सगळं हुई गयं. आतलं तेवढं ऱ्हायनं."

चाचांनी कादंबरी आधी बांधली आणि मग लिहायला घेतली.

गोष्ट एका गाडीवानाची होती. तो त्यांचा सख्खा थोरला भाऊ. बऱ्याच वर्षांपूर्वी तोरणमाळच्या उतारावर लाकडाची गाडी उतरवताना तो गाडीसकट दरीत गेला होता. अशा उतारावर पाचसहा माणसं मागून दोर धरून गाडी आवरत चालतात. दोर तुटला, असं सगळ्यांनी सांगितलं. प्रेत मिळालं नाही. चाचांना ते कधी पटलं नव्हतं. भाऊ रोज सकाळी दोर स्वतःच्या हातानं तपासत असे. शिवाय खुणा नसलेली झाडं तोडली जातात हे तो जंगलच्या साहेबाला सांगणार होता, आणि गाडी गेली ती त्याच्या आदल्याच दिवशी.

पहिले चार जुज एका पावसाळ्यात झाले. कचेरी सुटली की मी दुकानात जायचो. चाचांनी लिहिलेलं वाचायचं आणि शुद्ध करायचं. चौथीपर्यंतचं जेवढं येत होतं तेवढ्यावर मी त्यांच्या अहिराणीचं मराठी करून द्यायचो. म्हणून ते मला मास्तर म्हणायला लागले. आयुष्यात दुसऱ्या कुणीही मला मास्तर म्हटलेलं नाही.

एकदा मी भीत भीत म्हटलं, "चाचा, हा ढवळा बैल दुसऱ्या जुजात मेलाय. इथं पाचव्यात तो गाडीला जुंपलाय."

त्यांनी दुसरा जुज उघडून पाहिला. "मराले नको व्हता," म्हणाले. "चांगला बैल व्हता." मग कागदाची एक पट्टी कापली, तिला खळ लावली आणि दुसऱ्या जुजातल्या त्या मरणावर चिकटवून टाकली. पान फाडायचं नाही हा नियम होता ना. चुकलं की पट्टी. अशा पट्ट्यांनी तो ग्रंथ पोटुशा बाईसारखा फुगत चालला.

हिवाळा आला आणि लिहिणं थांबलं. गावाभोवती मिरच्या वाळत घातलेल्या, वारा सुटला की सगळं गाव खोकत असे. चाचा दौत उघडून बसत आणि एक अक्षर न लिहिता बंद करत. मग पुस्तक दाबयंत्रात ठेवून मळसूत्र घट्ट आवळत. "ऱ्हाऊ द्या दाबमा. सुधरी जाई." सुधारलं काहीच नाही. गोष्ट घाटापाशी येऊन उभी राहिली होती, आणि 'दोर तुटला' हे दोन शब्द त्यांच्या हातून लिहवत नव्हते. शेवटी त्यांनी एक केलं. शेवटच्या जुजाचं पहिलं पान घाटासाठी कोरं सोडलं आणि पुढचं लिहायला घेतलं. घरी वाट पाहणारी बायको, विकलेला बैल. डोंगरातून चारोळ्या, मध घेऊन कुणी बाजाराला आलं की चाचा त्याला दुकानात बसवत आणि त्या वळणाचं विचारत. माणसं चहा पीत, पायांकडे बघत, निघून जात.

आता माझी चूक सांगतो. कचेरीच्या ओट्यावर जंगलच्या ठेकेदाराचा एक मुकादम येऊन बसे. स्वच्छ धोतर, हातात वेताची काठी, बोलणं फार गोड. "काय रे कोकण्या, मायनं पत्र उनं का?" असं विचारणारा कचेरीत तोच एक. एके दिवशी माझ्या तोंडून बढाई निघाली. म्हटलं, मी चाचांची कादंबरी शुद्ध करतोय. तोरणमाळच्या घाटातल्या गाडीवानाची.

त्याची काठी फरशीवर हळूहळू वाजत होती, ती थांबली.

"घाटमा काय हुयनं, ते लिखं का त्यानं?"

"नाही," मी म्हटलं. "ते पान अजून कोरं आहे."

दोन दिवसांनी मी दुकानात गेलो तर मुकादम तिथे बसलेला. खारव्याचा ग्रंथ त्याच्या मांडीवर. थुंकी लावून एकेक पान उलटत तो त्या कोऱ्या पानापर्यंत आला. त्यावरून त्यानं तळहात फिरवला.

"हाई कोरंच ऱ्हाऊ द्या चाचा. चांगलं दिसस."

चाचांनी पुस्तक त्याच्या मांडीवरून उचललं, कडा ठोकून सारख्या केल्या. "कोरं पान मी गिऱ्हाइकनी वहीमा सोडस, मुकादम. मन्ही किताबमा नही."

तो गेल्यावर चाचांनी मला सांगितलं की त्या दिवशी गाडीच्या मागे दोर धरणाऱ्यांवर हाच मुकादम होता. मी म्हटलं, "चाचा, मीच त्याला बोललो." आणि ते, काय सांगू, हसले. "छापा पहिलेच एक वाचक भेटी गया," म्हणाले. पण खळीच्या भांड्यातला त्यांचा हात बाहेर यायला वेळ लागला.

पुढच्याच बाजारी डोंगरातला एक म्हातारा पावरा आदिवासी दुकानात आला. टोपली खाली ठेवली, चहा घेतला नाही. गाडीमागच्या सहा जणांतला तो एक होता. त्यानं दोन्ही तळहात चाचांपुढे धरले. आडव्या, जुन्या, चकचकीत खुणा होत्या. मोडक्या अहिराणीत तो एवढंच म्हणाला, "दोर तुटता, तं आमी उताना पडतूत. आमी पडनूत नही. आमी उभाच व्हतूत." टोपली उचलून तो चालू लागला. चारोळ्या त्यानं त्या दिवशी विकल्याच नाहीत.

ते पान चाचांनी एका बैठकीत लिहिलं. मी तीनदा वाचलं, चार काने आणि एक वेलांटी बदलली. त्यावर एकही पट्टी लागली नाही.

मला वाटलं, संपलं. पण चाचांना ते वळण बघून यायचं होतं. मी हात जोडले. म्हटलं, आत्ता नको, मुकादम सारखा या रस्त्यानं फिरतोय. "न देखता लिखं तं ते खोटं पडी, मास्तर. तेवढं वळण देखी उनू का मंग किताब पुरी." दुसऱ्या सकाळी प्रकाशा गावाकडे जाणाऱ्या गाडीत ते बसले. नावेतून तापी ओलांडायची, शहाद्याहून पुढे पायी. निघताना त्यांनी कचेरीच्या रजिस्टरांच्या गठ्ठ्यात तो ग्रंथ घालून माझ्या डोक्यावर दिला. शेवटचं पान खळीचे ठिपके लावून पुठ्ठ्याला चिकटवलेलं होतं. "हाई उघडानं नही. मी उनू का दोन्हीजन उघडसूत."

ते आले नाहीत. आठ दिवस गेले, पंधरा गेले. कुणी म्हणालं नदीत, कुणी म्हणालं वाघ, कुणी म्हणालं ताप. मला एवढंच ठाऊक आहे की त्याच आठवड्यात मुकादमही ओट्यावर दिसला नव्हता. परत आला तेव्हा त्याच्या पायात नव्या वहाणा होत्या.

"चाचानं तुन्हाकडे काही ठेवं का?"

"रजिस्टरं," मी म्हणालो.

"सकाय येस मी. सगळा रजिस्टर दखाड." उद्या येतो, सगळी दाखव.

त्या दुपारी, सगळे जेवायला गेले असताना, मी घाटाचं पान फाडलं आणि चहाच्या शेगडीत घातलं. पुस्तक शाबूत राहावं म्हणून फाडलं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. पुस्तकासाठी नव्हतं ते.

दुसऱ्या दिवशी मुकादमानं तो ग्रंथ बरोबर शोधून काढला. शेवटच्या जुजापाशी दोऱ्याजवळ कागदाची फाटकी कड उरली होती. तिच्यावरून त्यानं बोट वरपासून खालपर्यंत नेलं. माझ्याकडे पाहून हसला. "बेस शे," म्हणाला, आणि ग्रंथ परत फळीवर ठेवला. त्यानंतर त्यानं मला आईच्या पत्राबद्दल कधी विचारलं नाही.

चैत्रात, भर उन्हाच्या दिवसांत, रेकॉर्डच्या खोलीत मी तो ग्रंथ पुसायला काढला, आणि शेवटचं पान माझ्या पायांवर पडलं. खळ वाळून सुटली होती आणि आतून धरायला जोडीदार उरला नव्हता. पानावर चाचांच्या हातची तीनच वाक्यं होती. मी न तपासलेली, तरी शुद्ध.

"ज्या मास्तरांनी माझी भाषा नीट केली त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांना फार भीती वाटते. भीती वाटत असून ते रोज आले."

ते पान मी किती वेळा चिकटवलं. खळ केली, मोरचूद घातला, त्यांनी शिकवलं तसं सगळं केलं. दर उन्हाळ्यात ते सुटतं. मुकादम मरूनही आता जमाना झाला, तरी हे लिहिताना मी दाराला कडी घातली आहे. पण फाडलेलं पान मला पाठ आहे. तीनदा वाचलं होतं ना. त्यावर असं होतं:

वळणावर बैल थांबले. गाडीवानानं मागे वळून सांगितलं, धरून ठेवा रे. मुकादम म्हणाला, सोडा. दोर सहा जणांच्या हातांतून गेला. दोर तुटला असता तर ते उताणे पडले असते. कुणी पडलं नाही. गाडी गेली, आणि सहाही जण उभेच राहिले.