काकूंच्या पिशवीतलं मीठ

लग्नाच्या पंगतीत स्वतःचं मीठ घेऊन येणारी बाई मी मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात एकच पाहिली. आमच्या शेजारच्या काकू. पान वाढून झालं की पिशवीतून सैंधवाची पुडी निघायची आणि वाढलेलं मीठ बाजूला सारलं जायचं.

पूर्वी त्या अशा नव्हत्या. एका सकाळी काका बीपीने अंगणात कोसळले, लकवा झाला, आठ दिवसांत गेले. तेव्हापासून काकूंच्या घरखर्चात भीती शिरली. आधी मीठ बदललं. मग घाण्याचं तेल आलं, पाण्याचा फिल्टर आला, ॲल्युमिनियमची धडधाकट भांडी भंगारात गेली. शेतातला सुवासिक चिन्नोर तांदूळ विकून त्या वारासिवनीच्या बाजारातून कोदो-कुटकीसारखं भरड धान्य आणायच्या. सणाला साडी मात्र नाही. "साडी नेसून काय दवाखान्यात जाऊ?" म्हणायच्या.

आम्ही हसायचो, मी जरा जास्तच. "काकू, हवा कोणत्या दुकानातून आणता?" असंही मी एकदा विचारलं. त्यांनी रागावण्याऐवजी माझ्या हातावर मूठभर मखाने ठेवले.

एका दुपारी त्यांनी माझा हात धरून स्वतःच्या काखेपाशी नेला. "पाह्य बरं, हे काय आहे?" सुपारीएवढी गाठ होती. मी त्यांना त्याच दिवशी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासणीची चिठ्ठी दिली, ती काकूंनी देवाच्या फोटोमागे खोचली.

"काकू, काहून नाही जात?"

"जांच केली का निघतेच वं काही ना काही. तुह्या काकाची जांच केली, अन् आठ दिवसांत गेले."

मग गिलोय, म्हणजे आपली गुळवेल, आली, महागड्या चूर्णांचे डबे आले. चिठ्ठी फोटोमागेच राहिली. मीही आग्रह धरला नाही. खरं सांगते, काय निघेल याची मलाही भीती वाटत होती.

शेवटी नागपूरला नेलं तेव्हा उशीर झाला होता. परतताना गाडीत त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. "सारं बदलून पाह्यलं मी. मीठ, तेल, पानी. तेवढी जांचच राह्यली. तू नको करू असं."

त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. गेल्या महिन्यात आंघोळ करताना माझ्याही काखेत तशीच गाठ हाताला लागली. तपासणीची चिठ्ठी पर्समध्ये आहे, अजून तिथेच आहे. मी फार घाबरले आहे. काल किराणा दुकानात दुकानदाराने विचारलं, "दीदी, क्या दूँ?" आणि माझ्या तोंडून निघालं, "सेंधा नमक."