जामीन कोण राहणार?

माझ्या नवऱ्याने स्वतःसाठी कधी कर्ज काढलं नाही. हप्त्यावर फ्रिज घ्यायचा म्हटलं तरी त्याचा जीव खालीवर व्हायचा. तरीही आज रिफायनरीच्या सुरक्षा विभागाच्या लेखी तो कर्जबुडवा आहे. यावर हसावं की डोकं आपटून घ्यावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

रिफायनरीत नवऱ्याच्याच विभागात काम करणारा नाशिकचा एक इंजिनीअर दर शुक्रवारी आमच्या इथल्या, आखातातल्या हवल्लीच्या घरी जेवायला यायचा. बायको-मुलं गावी, म्हणून. मला वहिनी म्हणायचा, आमटीचे भुरके मारायचा. एकदा श्रीखंडाची वाटी चाटूनपुसून झाल्यावर म्हणाला, बँकेतून कर्ज काढतोय, जामीनदार हवाय, नुसती सही. नुसती! परक्याला नकार देता येतो हो. आपल्या घरी जेवणाऱ्याला नाही म्हणणं आमच्या लोकांना त्याला भरल्या ताटावरून उठवल्यासारखं वाटतं. मी स्वयंपाकघरातून डोळे वटारले. नवऱ्याने माझ्याकडे बघायचंच टाळलं आणि बँकेत जाऊन सही ठोकून आला.

पुढच्या उन्हाळ्यात ते महाशय सुट्टीवर गेले ते गेलेच. फोन बंद. बँकेने जामीनदारावर, म्हणजे माझ्या नवऱ्यावर, दावा लावला. आम्हाला ते कळलं त्याचा गेटपास नवा करायची वेळ आली तेव्हा. हा पास असल्याशिवाय रिफायनरीत पाऊल टाकता येत नाही, आणि तो नवा करताना दरवेळी माणसाची पोलिसात, कोर्टात चौकशी होते. पास नाही तर नोकरी नाही. इथे पगारावर कर नाही म्हणून गावाकडचे आमचा हेवा करतात. त्यांना हे कोण सांगणार?

कंपनीची सरकारी कामं करणारा मंदूब हैदराबादचा. तो घरी आला आणि चहा पिता पिता म्हणाला, "केस है तो पास नहीं, भाभी. कर्ज़े में फँसे आदमी को कल कोई पैसा देके बोला, अंदर से ये कर, वो कर, तो?"

मी भडकलेच. ऑफिसचं पेन चुकून खिशातून आलं तर दुसऱ्या दिवशी परत नेऊन ठेवणारा हा माणूस!

"मेरे को मालूम है भाभी," तो म्हणाला. "उनको कौन समझाएगा?"

सगळी रक्कम एकदम भरायची, तर माझे दागिने विकूनही ती पुरी होत नव्हती. दुसरा मार्ग मंदूबने सांगितला. बँक हप्ते बांधून देईल, मग केस मिटेल, पण त्यासाठी पगारदार जामीन पाहिजे. पुन्हा जामीनच! मग आम्ही दोघं ओळखीच्या मराठी घरांत फिरलो. ज्या घरांतून आजवर उपाशी पोटी बाहेर पडू दिलं नव्हतं, त्यांतल्या एकानेही या वेळी जेवायला थांबा म्हटलं नाही. चहा आला, तोही अर्धा कप. लोक शहाणे झाले होते. मला राग आला, पण त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

शेवटी पगारदार म्हणून उरले मी. मी इथल्या हॉस्पिटलात नर्स आहे. मंदूबने माझ्याकडे नुसतं बघितलं. केस मिटली तरी पास मिळेलच अशी खात्री तो देत नव्हता, आणि पास नाही मिळाला तर हप्ते थकून माझ्यावरही तीच केस येणार होती, देश सोडायची बंदीही. मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, "हिचं नाव नको. पोरीला घेऊन हिला तरी घरी जाता आलं पाहिजे." मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याचा मला अजून संताप येतो.

पास संपला तो दिवसही शुक्रवारच. मी आमटी केली, ताट वाढलं. त्याने दोन घास खाल्ले आणि हात थांबवला.

"पोटभर जेव की!" मी ओरडले.

"नको," तो म्हणाला. "मग मी सही मागितली तर तुला मला नाही म्हणता येणार नाही."