घरीच असते

आमच्या घरी पाहुणा आला की आधी चहा, मग एक प्रश्न ठरलेला असतो. "सूनबाई काय करते?" उत्तर द्यायचा मान सासऱ्यांचा. मी कपांचा ट्रे घेऊन समोर उभी असले तरी आबा म्हणतात, "काय न्हाई. घरीच असते."

मी सांगलीच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकले. लोकांना वेबसाइट, ॲप, मोबाइलवरचे खेळ करून देते. हे सगळं साताऱ्यातल्या आमच्या मधल्या खोलीत, शिलाई मशीनच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून चालतं. गळ्यात ओळखपत्राचा पट्टा नाही, सकाळी न्यायला बस येत नाही. नवऱ्याला येते, शिरवळच्या कारखान्याची. म्हणून तो कामाला जातो आणि मी घरीच असते. (तोंडावर 'अहो' म्हणते, पण लिहिताना 'तो'च म्हणणार. तेवढं तरी माझ्या हातात असू दे.) कुणी शिवी दिली तर मला एवढा राग येत नाही, जेवढा या 'घरीच'चा येतो.

म्हणून ते कुस्तीचं काम आलं तेव्हा मी हरखून गेले. शिराळ्याकडचं एक गाव आबांचं मूळ गाव. तिथल्या जत्रेतल्या मैदानासाठी कमिटीला ॲप हवं होतं. कुणाची जोड कुणाशी, निकाल काय लागला, आणि पोरांसाठी कुस्तीचा एक खेळ. कमिटीच्या अध्यक्षांनी फोन अर्थातच नवऱ्याला केला. त्याने तो माझ्याकडे दिला.

"वहिनी, साहेबांना इचारून सांगा, जमंल का."

"त्यांना काय विचारायचं? करणार मी आहे."

"व्हय व्हय. तरी बी इचारा."

मी हसले आणि काम घेतलं. मनाशी एकच ठरवलं होतं. आबांनी हे एकदा माइकवरून ऐकायचं, स्वतःच्या गावात, स्वतःच्या माणसांत, की हे यांच्या सुनेनं केलं. मग बघू कोण घरीच असतं ते.

मला कुस्तीतलं ओ की ठो कळत नव्हतं. मी आधी केलेल्या खेळात जो पडेल तो हरायचा. अध्यक्ष फोनवर खो खो हसले. "वहिनी, पोटावर पडला म्हंजे हरला न्हवं. पाठ लागाय पायजे." शेवटी आबांना विचारलं. पलटणीत जायच्या आधी ते चांगले पैलवान होते. "बायकांना काय करायचेत डाव?" म्हणून आधी त्यांनी मला उडवून लावलं. पण म्हाताऱ्याचे हात शिवशिवत होतेच. एका रविवारी अंगणात लेकाचं मनगट धरलं आणि एकेक डाव दाखवायला लागले. मी मोबाइलवर सगळं टिपून घेतलं. त्यात एक गोष्ट दिसली. शड्डू ठोकला की आबा मान एकदा उजवीकडे झटकतात. माझ्या खेळातल्या पैलवानाला मी तो झटका दिला. कुणी मागितला नव्हता. तो नीट जमावा म्हणून मी किती डोकं फोडून घेतलं ते माझं मला माहीत. आबांवर माझा राग होता, पण ते काम मी मायेनंच केलं, हेही खरं.

जत्रेच्या दिवशी मैदानाच्या कडेला मोठा पडदा लावला होता. तिथे तांबड्या मातीत बायका उतरत नाहीत, म्हणून आम्ही शाळेच्या गच्चीवर. हलगी थांबली आणि अध्यक्षांनी माइक घेतला. हे ॲप आपल्या गावच्या सुपुत्रानं तयार केलं, म्हणाले, आणि नवऱ्याचं नाव पुकारलं. मला वाटलं, आता माझं घेतील. "त्यांच्या सौभाग्यवतींनी बी त्यांना मोलाची साथ दिली!"

साथ!

नवरा मातीत उतरला. त्याने एकदा गच्चीकडे बघितलं. मग फेटा बांधता यावा म्हणून मान खाली घातली. आयत्या बिळावर नागोबा ऐकलं होतं. पण आमच्या नागोबाला शाल पण मिळाली, नारळ पण मिळाला.

तेवढ्यात पडद्यावर माझा खेळ सुरू झाला. पैलवानानं शड्डू ठोकला आणि मान झटकली. आबा ताडकन उठले. "आरं, ह्यो तर मी!" सगळं मैदान हसलं. आबा धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत शेजाऱ्याला सांगत होते, "माझ्या पोरानं मला घातलंय त्यात." त्यांचा आवाज एवढा मोठा की गच्चीवरही ऐकू आला.

अध्यक्षांची बायको ताट घेऊन माझ्यापुढे बसली. तांदूळ, खण, नारळ. "पदर धरा वहिनी, ओटी भरते. एवढ्या हुशार माणसाची बायको व्हायला नशीब लागतं." मी पदर धरला. दुसरं काय करणार होते?

परतताना गाडीत आबांना डुलकी लागली तेव्हा मी नवऱ्याला विचारलं, "तुम्ही का नाही बोललात?"

"अगं, माइकवर काय बोलणार? आणि एकाच घरात आलं की सगळं."

फेटा आता टीव्हीच्या वरच्या काचेच्या कपाटात आहे. पाहुणा आला की आबा आधी तो दाखवतात, मग मोबाइलवर तो मानेचा झटका दाखवतात. पोरानं केलंय म्हणतात. आणि सूनबाई? घरीच असते.

परवाच्या रविवारी आबांचा पलटणीतला दोस्त जेवायला आला होता. मी भाकऱ्या करत होते. अध्यक्षांचा फोन आला, नवऱ्यालाच. तेच ॲप त्यांनी शेजारच्या गावच्या मैदानाला दिलं होतं, ते अडकलं होतं, जोड्या दिसेनात, लोक ओरडत होते. आबा दोस्ताकडे बघत ऐटीत म्हणाले, "कर की रं दुरुस्त. तूच केलंयस न्हवं?"

नवऱ्याने स्वयंपाकघराकडे बघितलं. एरवी मी हात धुऊन गेले असते. त्या दिवशी मी नवी भाकरी थापायला घेतली आणि थापतच राहिले.

"आबा, मला न्हाई येत," तो शेवटी म्हणाला. "मला त्यातलं कायबी कळत न्हाई. समदं हिनं केलंय. तुमचा त्यो मानेचा झटका बी हिनंच घातलाय."

मी दारातून बाहेर बघितलं. माझा हात परातीतच थांबला. माइक नव्हता, मैदान नव्हतं, पण आबांनी ऐकलं होतं. मी त्यांच्या पुढच्या शब्दाची वाट बघत होते. त्यांनी कपाटातल्या फेट्याकडे बघितलं, मग खाकरले.

"सूनबाई."

"काय आबा?"

"भाकऱ्या उरकल्या की बघ तेवढं. तुला काय, घरीच असतीस."