हिरामणच्या पानाखालची उत्तरं

भिवंडीजवळच्या राहनाळात दहाव्याला माइक लावतात. पिंडाला कावळा शिवला की आधी पुढारी बोलतात, मग सोयरे, मग ज्याला वाटेल तो. कुणी लांबण लावतो, कुणी मेलेल्याचं नाव विसरून आपल्याच पक्षाचं गातो, पण बोलायला उठलेल्या माणसाला खाली बसवायचं नाही, ही गावाची रीत. विनिता या रीतीत वाढलेली. म्हणून वडिलांच्या नावाचं पान तिने वेबसाइटवर टाकलं, तेव्हा पानाखाली येणाऱ्या उत्तरांना अडवणारं दारच ठेवलं नाही. शहरातल्या एखाद्या शहाण्याने उत्तर आधी वाचून मग लावायची सोय केली असती. विनिताच्या ते मनातही आलं नाही.

विनिता पस्तिशीची, बिनलग्नाची. गावाला चघळायला तेवढं पुरतं. पूर्वी ती घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटरचा क्लास घ्यायची. आता राहनाळ-दापोड्याच्या गोदामवाल्यांच्या वेबसाइट सांभाळते. त्यातून वेळ काढून तिने गावाची एक वेबसाइट केली. गावातलं कुणी गेलं की त्याच्यावर एक पान लिहायचं: माणूस कसा होता, कुठली खारजमीन कसायचा, कशावर चिडायचा. लोक आपल्या माणसाचं पान वाचून रडायचे, आणि खरं सांगायचं तर पुढाऱ्यांच्या भाषणांपेक्षा तिची पानं शंभर पटींनी बरी होती.

ही वेबसाइट स्टॅटिक, म्हणजे एकदा छापलं की छापलं. वाचणाऱ्याला तिथे काही लिहिता येत नाही. सुरुवातीला तिने खाली लिहायची जागा ठेवली होती, पण कर्जाच्या जाहिरातवाल्यांनी आणि शिवराळांनी त्या जागेचा उकिरडा केला. मग तिने दुसरी वाट काढली. ज्याला बोलायचंय त्याने आपल्या स्वतःच्या पानावर लिहावं आणि त्यात तिच्या पानाची लिंक द्यावी. लिंक दिली की तिच्याकडे वर्दी येते. पहाटे एक छोटा प्रोग्रॅम आपसूक चालतो, आलेल्या वर्द्या गोळा करतो, ते शब्द उचलून त्यांची कॉपी आपल्याकडे ठेवतो आणि पान नव्याने छापतो. तिच्या क्लासमध्ये शिकलेल्या प्रत्येक पोराला तिने स्वतःचं पान करून दिलं होतं, त्यामुळे लिहिणारे बरेच होते. पण फुकटातली पानं, आज आहेत तर उद्या नाहीत. मूळ पान बुडालं तरी माणसाचे शब्द बुडू नयेत, म्हणून कॉपी.

तिचे वडील हिरामण लडकूशेठच्या गोदामावर सुपरवायझर होते. लडकू हा त्यांचा धाकटा चुलतभाऊ. जमीन त्याच्या वाट्याला आली, नोकरी यांच्या. माणूस अबोल, शिस्तीचा, हमालांना आपल्या डब्यातलं देणारा. शेवटची काही वर्षं मात्र ते ओट्यावर नुसते बसून असायचे. विचारलं तर म्हणायचे, "बसलोय." गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस छातीत कळ आली आणि संपलं.

त्यांच्या पानाखाली उत्तरांची रीघ लागली. विनिताची आई हौसा निरक्षर. रोज सकाळी चहा ठेवता ठेवता विचारायची, "आज काय आयलं गो?" मग विनिता वाचून दाखवायची: हिरामणदादांनी मला पहिली नोकरी लावली, हिरामणदादांनी माझ्या बापाला दवाखान्यात नेलं. हौसा ऐकायची, पदर डोळ्याला लावायची आणि मगच चहा गाळायची. नवऱ्यामागे ती त्या उत्तरांवर जगत होती, यात काही खोटं नाही.

एका सकाळी सगळ्यांत खाली हे होतं:

"हिरामण काका ईदला आमच्याकडे यायचे, शीरखुर्मा खायचे. पण आग लागली त्या दिवशी गोदामाच्या शटरला बाहेरून कुलूप होतं आणि किल्ली काकांकडे होती. माझा भाऊ मुआज आत होता. हे पण त्यांच्या पानावर असू दे. – सिदरा"

सिदरा तिच्याच क्लासची. भिवंडीतल्या एका पॉवरलूमवर काम करणाऱ्या अब्दुर्रहमानची मुलगी, मराठी शाळेत शिकलेली, हुशार. भाऊ गेल्यावर तिने क्लास सोडला. विनिताने तेव्हा "बिचारी" म्हटलं आणि तिच्या जागी दुसरी मुलगी घेतली. काही वर्षांपूर्वीच्या त्या गोदामाच्या आगीबद्दल तिला एवढंच ठाऊक होतं: शॉर्टसर्किट झालं, शटर अडकलं, आत काम करणारी बाकीची पोरं पोटमाळ्याच्या खिडकीतून निघाली आणि मुआज निघाला नाही. शटर अडकलं. हाच शब्द घरात होता, गावात होता, पोलिसांकडे होता. अडकलेल्या शटरचा कुणाला जाब विचारता येत नाही.

"आज काय आयलं गो?"

"आज काही नाही, आये," विनिता म्हणाली. हौसाने चहा गाळला नाही. तो तसाच उकळत राहिला.

दुपारपर्यंत लडकूशेठ ओट्यावर हजर. "बाय, मेलेल्या मानसाचं उनं काढू नये. तुझ्या बापाची इज्जत ती आपली इज्जत. काढ ते."

इज्जत कुणाची, हे विनिताला न कळण्याइतकी ती भोळी नव्हती. पण बापाचं पान तिचंही होतं. तिने त्याच्यासमोर कॉपी पुसली. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे प्रोग्रॅम चालला, सिदराच्या पानावर ते शब्द होतेच, त्याने इमानदारीत उचलून आणले आणि पुन्हा हिरामणच्या पानाखाली लावले. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं थांबत नाही. सिदराचं पान वगळ, एवढी एक ओळ प्रोग्रॅममध्ये घातली असती तर काम झालं असतं. विनिता ती ओळ लिहायला बसली आणि तिचा हात चालेना. दहाव्याला उठलेल्या माणसाला खाली बसवायचं, तेही भाऊ गमावलेल्या मुलीला, आणि बसवणारी कोण, तर हिरामणची मुलगी. तिने लॅपटॉप मिटला.

लडकूशेठला वाटलं, पोरगी आपली थट्टा करते. तो तिच्याशी पुन्हा बोलला नाही. भिवंडीत त्याच्या ओळखी पुष्कळ, आणि अब्दुर्रहमान ज्या लूमवर ड्युटी करायचा तिचा मालक त्याच्या ताटात जेवणारा. दोनच दिवसांत सिदराचं पान नाहीसं झालं. एक मजकूर नव्हे, तिने सगळं पानच पुसलं होतं. क्लासमध्ये बसून केलेलं, वर तिने काढलेलं बुलबुलाचं चित्र असलेलं.

आता ते शब्द जगात एकाच जागी उरले, हिरामणच्या पानाखालच्या कॉपीत. मूळ बुडालं तरी शब्द बुडू नयेत म्हणून विनितानेच केलेली सोय. तिला वाटलं, चला, निदान हे राहील. कुठेतरी तिला बरंही वाटलं, आणि या बरं वाटण्याची तिला नंतर फार लाज वाटली.

कारण संध्याकाळी सिदराचा फोन आला. "मॅडम, तुमच्याकडचं पण काढा."

"अगं, पण तू लिहिलंस ते..."

"खरं आहे. पण काढा. लूमच्या सेठने अब्बांना सांगितलंय, कल से मत आना. आम्हाला इथंच राहायचंय, मॅडम. तुम्हाला चालतं, तुमचं गाव आहे."

"सिदरा, शटरला खरंच कुलूप होतं?"

पलीकडे लूमची खडखड चालू होती. "तुम्ही घरी विचारा ना," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

ज्याचे शब्द त्याचे. मागितले की परत द्यायचे. विनिताने ते काढले आणि स्वयंपाकघरात गेली. हौसा तांदूळ निवडत होती.

"आये, मुआजच्या बहिनीनं बाबांच्या पानावर लिवलंवतं. शटरला कुलूप व्हतं?"

हौसाने वर पाहिलं नाही. "व्हतं. सगल्याच गोदामांना घालतात. मालक म्हनतो माल जातो."

"किल्ली बाबांकडं?"

"त्यांच्याकडं." आणि सूप घेऊन ती मागल्या दारी गेली.

त्याच रात्री विनिताने बापाचं पान उघडलं आणि मधोमध, डब्यातलं जेवण देण्याच्या आणि ओट्यावर बसून राहण्याच्या मध्ये, स्वतःचं वाक्य घातलं: "आग लागली तेव्हा शटरला बाहेरून कुलूप होतं, ते माझ्या वडिलांनी घातलं होतं, आणि आत मुआज होता." खाली आपलं नाव टाकलं. सिदराचं नाही. विनिताच्या बापाला आता कुणी कामावरून काढू शकत नव्हतं.

मग फोन सुरू झाले. पहिली नोकरी मिळालेला म्हणाला, विनिताताई, माझं तेवढं काढा, लडकूशेठकडे आमचे टेम्पो लागतात. बापाला दवाखान्यात नेलं असं लिहिणाऱ्याच्या बायकोने फोन केला. त्याला स्वतः बोलायचं धाडस नव्हतं. कुणी म्हणालं, बापाची बदनामी करणाऱ्या मुलीच्या पानावर आमचं नाव नको. हा शेवटचा तर हिरामणच्या पंगतीला बसून वाढलेला! विनिता वाद न घालता एकेक उत्तर काढत गेली. हिरामणच्या हयातीत त्यांच्या घरी इतके फोन कधी आले नव्हते, आणि पान इतकं ओसाडही कधी नव्हतं.

"आज काय आयलं गो?"

"काय न्हाय, आये." या वेळी ते खरं होतं.

हौसाने गॅस बंद केला. चहा केलाच नाही. विनिताच्या समोर पाटावर बसली आणि म्हणाली, "मंग तू लिवलंस तेच वाच."

विनिताने वाचलं. बापाचं वाचलं, डब्याचं वाचलं, कुलपाचं वाचलं, मुआजचं वाचलं. हौसा ऐकत होती आणि या वेळी पदर डोळ्याला लावला नाही.

"अर्धं हाय," ती म्हणाली.

"काय अर्धं?"

"त्या दिशी लडकूच्या पोरीची हलद व्हती. त्यानं निरोप धाडला, दादा, दुपारीच ये, मांडवात मानूस न्हाय. हे घरी आयले, कामाचा शर्ट काढला, पांढरा घातला नि गेले. किल्ली त्या कामाच्या शर्टात. मी म्हनलं, जायच्या आधी कपडे भिजत घालू. मी शर्ट बालदीत टाकला, न्हानीचं दार लावलं नि मीबी मांडवात गेले." तिचे हात मांडीवर उताणे पडले होते. "धूर दिसल्यावर ते घरी पलत आयले. खुंटीवर बघितलं, खाटंवर बघितलं, सगलं घर उस्कटलं. शर्ट न्हाय. मना शोधत मांडवात आयले, तवा हलदीचा बँड वाजत व्हता, मना त्यांची हाकच ऐकू न्हाय आयली. मंग मी सांगितलं. किल्ली घेऊन गेले तवा लोकांनी कुलूप तोडलंवतं. मुआज शटरशीच व्हता."

विनिता तिच्याजवळ सरकली.

"ते मना कवाच एक शब्द बोलले न्हाय. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसते ओट्यावर बसले." मग तिने लॅपटॉपकडे बोट केलं. "ह्ये लिव. बालदीचं लिव. माझं नाव घाल."

विनिताने घातलं. सांगेल तसं, तिच्याच शब्दांत. छापायच्या आधी हौसा म्हणाली, "आता ह्ये तिच्याकडं पोचंल ना? त्या पोरीकडं? तिचं जसं आपल्याकडं आयलं तसं?"

विनिताने सवयीने लिंक टाकायला सिदराच्या पानाचा पत्ता शोधला. तो पत्ता आता कुठेच जात नव्हता. तिथे वर्दी घ्यायला कुणी नव्हतं. फोन केला तर नंबर बंद होता.

"न्हाय पोचनार, आये. तिचं पान न्हाय राहिलं."

हौसा पडद्याकडे बघत राहिली, जणू अक्षरं ओळखू येतात.

"आपल्या पानावर येऊन वाचंल?"

खोटं बोलणं सोपं होतं. या घराने ते इतकी वर्षं केलंच होतं. "न्हाय येनार," विनिता म्हणाली.

"तरी ऱ्हाऊ दे," हौसा म्हणाली आणि चहाचं आधण ठेवायला उठली.