सुई मागणारा हमाल

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तुमसरच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांना हाताखाली शिकायला आणि पुढे दवाखाना सांभाळायला तरुण डॉक्टर हवा होता. प्रमाणपत्रांवर त्यांचा विश्वास नव्हता. माणसांवरही फारसा नव्हता. मी तिथला वार्ताहर. साक्षीला त्यांनी मला बसवून घेतलं.

परीक्षा त्यांनीच रचली होती. राइस मिलमधल्या एका धडधाकट हमालाने कंबर धरून यायचं आणि सुईचा हट्ट करायचा. सुई न देणाऱ्याला आमच्याकडे कोणी डॉक्टर म्हणत नसे. पहिल्या उमेदवाराने मुकाट्याने सुई टोचली. दुसऱ्याने हमालाला झापलं. दोघांनाही डॉक्टरांनी परत पाठवलं.

तिसरी नागपूरची मुलगी होती. हमाल बिडी ओढतच आत आला.

"कंबर लई दुखून राहिली, बाई. सुई मारून द्या."

"आधी बिडी टाका. बोट भाजतंय."

हमालाने बोटाकडे पाहिलं. "आता गा! समजलंच नाई."

कमरेचं तिने पुढे विचारलंच नाही. त्याचा हात उलटसुलट पाहिला, डोळे मिटायला लावले आणि बोटावरून कापूस फिरवला.

"कुठे लागलं?"

"तुमी हात लावलाच कुठं?"

तिने कापूस ठेवला. "मला यांच्याशी एकटीने बोलायचंय," ती डॉक्टरांना म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "तुम्हीसुद्धा बाहेर."

डॉक्टर बाहेर येऊन पुटपुटले, "फुटलं वाटतं. कंपाउंडरनेच सांगितलं असणार." मलाही तेच वाटलं. सोंग आधीच कळलेलं असलं की असा रुबाब करता येतो.

थोड्या वेळाने तिने डॉक्टरांना आत बोलावलं. हमालाला महारोगाची सुरुवात होती. हे त्याने स्वतः मला बऱ्याच वर्षांनी सांगितलं. तोवर गोळ्यांनी तो बरा झाला होता. त्या दिवशी शब्द बाहेर गेला असता, तर मिलने त्याला दुसऱ्या दिवशी दारात उभं केलं नसतं.

बाहेर बाकावर बसलेल्या रोग्यांत कुजबुज चालू होती. एक बाई मोठ्याने म्हणाली, "बाईनं काय पाह्यलं जी एवढं?"

मुलगी बाहेर आली. मी सरळ विचारलं, "काय झालंय त्याला?"

"कंबर दुखते," ती म्हणाली.

कंबर कधीच दुखत नव्हती, हे मला ठाऊक होतं. दारात उभ्या डॉक्टरांनाही. त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्या खिशातल्या पेनाकडे.

"उद्यापासून या," ते तिला म्हणाले. मला पुन्हा आत बसू दिलं नाही.