बत्तिसाव्या वर्षी ज्युदो

मुलीचं नाव घालायला गेले आणि स्वतःच अडकले, असं माझ्या ज्युदोचं झालं. नव्वदच्या दशकात सुरतेत, उधन्याला आमच्या घराजवळच्या एका हॉलमध्ये संध्याकाळी क्लास चालायचा. माझी नऊ वर्षांची लेक चार दिवस गेली आणि पाचव्या दिवशी म्हणाली, आता मला गरबा शिकायचाय. हे सांगायला मी गेले, तर क्लासचे सर हसून म्हणाले, "बेन, तमेज आवो ने." ताई, तुम्हीच या ना.

मी मराठी शाळेत शिक्षिका. वय बत्तीस आणि रागीट म्हणून पोरांत नाव झालेलं. तरी दुसऱ्या दिवशी पंजाबी ड्रेस घालून गेले.

महिनाभर सरांनी नुसतं पडायला शिकवलं. हनुवटी छातीला, तळहाताचा फटका मॅटवर, मान सांभाळायची. घरी सराव करताना सासूबाईंनी पाहिलं. त्या धुळ्याकडच्या. म्हणाल्या, "पडानं शिकाले कोनी क्लासमा जास का?" मग मी पुन्हा लोळायला लागले तेव्हा त्यांनी मुकाट्याने पाण्याची कळशी बाजूला सरकवली.

ज्युदोचा जाड अंगरखा मात्र मिळेना. नवरा पांडेसऱ्यात साड्या रंगवायच्या डाइंग मिलमध्ये सुपरवायझर, घरात साड्यांना तोटा नाही, पण सगळ्या झुळझुळीत. शेवटी मांजरपाट दुहेरी करून सासूबाईंनीच तो शिवला आणि वर गोधडीचे टाके घातले. उन्हाळ्यात त्यात जीव जायचा, पण शिवण कधी उसवली नाही.

सगळ्यात जड गेला तो नमस्काराचा नियम. ज्याने आपल्याला आपटलं, त्याच्यासमोर वाकायचं आणि मगच मॅटवरून उतरायचं. एका संध्याकाळी बी.कॉम.च्या मुलीने मला अकरा वेळा आपटलं. बाराव्यांदा आपटल्यावर मी न वाकताच चपला घालायला निघाले. सरांनी परत बोलावलं आणि सगळ्यांसमोर दहा श्वास मोजायला लावले.

"राग येऊ द्या," ते म्हणाले. "फक्त त्याच्या मागे पळू नका."

लाजेने कान तापले. पण वाकले.

आठवड्याभराने वर्गात एका मुलाने माझ्या तपासलेल्या वह्यांवर शाई सांडली. ओरडायला तोंड उघडलं आणि आपोआप श्वास मोजायला लागले. पाचवीचा वर्ग भेदरून माझ्याकडे बघत राहिला. बाई ओरडत नाहीत म्हणजे काहीतरी भयंकर घडणार, असं त्यांना वाटलं असावं. दहा झाल्यावर मी त्याला फडकं आणायला सांगितलं.

पुढच्या वर्षी बारडोलीला सामने होते. माझ्या वजनाच्या गटात आम्ही तिघीच. पहिली लढत मी पाणी प्यायच्या आत हरले. दुसरीत समोरच्या मुलीने मला खाली घेऊन छातीवर भार टाकला. तसंच दाबून धरलं की ठरावीक वेळाने हार. श्वास कोंडला, डोळ्यांसमोर अंधारी आली, आता हात आपटून सोडून द्यावं असं वाटलं. मग मोजायला लागले. तीनपर्यंत नुसती भीती होती. चारला कळलं की तिचा डावा गुडघा मोकळा आहे. सहाला मी कंबर उचलून वळले, आणि तीच माझ्याखाली आली. वेळ संपेपर्यंत मी तिला सोडलं नाही. उठल्यावर इतकी हसत होते की पंचांना नमस्काराची आठवण करून द्यावी लागली.

परत आल्यावर मनात आलं, शाळेतल्या मुलींना हे मिळायला हवं. मुख्याध्यापकांकडे रिकामा हॉल मागितला. ते म्हणाले, मुलींचे हातपाय मोडले तर आईबापांना तोंड कोण देणार? पूर्वीची मी असते तर दार आपटून आले असते किंवा स्टाफरूममध्ये रडले असते. मी "बरं सर" म्हटलं आणि पुढच्या सोमवारी पुन्हा गेले. मग त्याच्या पुढच्या सोमवारी. दरवेळी त्यांच्या एका शंकेचं उत्तर घेऊन, आवाज न चढवता.

पाचव्या सोमवारी त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली.

"बाई, तुम्ही थकत नाही का हो?"

"थकते सर. पण येते."

पहिल्या दिवशी चौदा मुली आल्या. आम्ही हॉल झाडला, घरोघरच्या जुन्या गाद्या अंथरल्या. एकीने विचारलं, आज कुणाला पाडायचं? मी म्हटलं, आज आपणच पडायचं. सगळ्या खिदळायला लागल्या आणि तशाच, खिदळत, रांगेत उभ्या राहिल्या.